वृत्त कोसळलं म्हणता, तर कुठल्या अक्षराला?

पत्राचा सारांश : लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी शिक्षिका आहेत. वीस वर्षांत साठेक कविता साठल्या आहेत आणि दिवाळीपर्यंत संग्रह काढायचा विचार आहे. मुखपृष्ठावर ‘गझला व मुक्तछंद’ असं छापायचं ठरलं होतं. मध्यंतरी एका कविसंमेलनात त्यांनी एक गझल वाचली. खाली उतरताच एका जाणकारांनी सुनावलं, “वृत्त कोसळलंय, अलामतही गेली. ही गझल नव्हे.” नेमकं काय चुकलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून ताईंची लेखणी थांबली आहे. त्या विचारतात : वृत्त, जाती, छंद, काफिया, अलामत हे सगळं या वयात शिकायलाच हवं का? शिकले तर कवितेचं गणित होऊन भावना मरणार नाही का? की सरसकट सगळ्यावर ‘मुक्तछंद’ लिहून मोकळं व्हावं? एक परिचित गझलकार सगळ्या रचना ‘वृत्तात बसवून’ द्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे वही सोपवावी का? सोबत त्यांनी दोन शेर आणि एक छोटी कविता पाठवली आहे.

---

ताई,

आधी तुमची ती छोटी कविता घेऊ. तिच्या डोक्यावर तुम्ही ‘मुक्तछंद’ असं लिहिलंय :

चुलीपाशी आई
फुंकते निखारे
मिणमिण तारे
डोळ्यांमध्ये

ओळीतली अक्षरं बोटांवर मोजा. चु-ली-पा-शी-आ-ई, सहा. फुं-क-ते-नि-खा-रे, सहा. मि-ण-मि-ण-ता-रे, सहा. डो-ळ्यां-म-ध्ये, चार. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलंय. आता ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ मोजून बघा. सहा, सहा, सहा, चार, आणि यमक त्याच जागी. हा मोठा अभंग. याच मापाला देवद्वार छंद असंही म्हणतात, हरिपाठातल्या ‘देवाचिये द्वारी’वरून.

म्हणजे ज्याला तुम्ही मुक्तछंद म्हणालात ते अगदी काटेकोर छंदात आहे. तुम्ही तो पुस्तकातून शिकला नाहीत. लहानपणापासून कानावर पडला आणि हाताला लागला. ‘मला छंद-वृत्तातलं काही कळत नाही’ हे तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य म्हणून मला मान्य नाही. तुम्हाला ते येतं, त्याची नावं तेवढी माहीत नाहीत. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. तरी ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ यात अक्षरं आठ आणि आठच भरतात.

मग नावं कशाला शिकायची? एवढ्याचसाठी, की बिघडल्यावर बोट ठेवता यावं. ‘अंग दुखतंय’ म्हणणाऱ्या रोग्याला डॉक्टर ‘कुठे?’ असं विचारतात, तसाच हा प्रकार. ‘वृत्त कोसळलंय’ हे निदान नव्हे. कुठल्या ओळीत, कितव्या अक्षराला, तिथे काय हवं होतं आणि काय आलं, एवढं सांगितलं तर ते निदान. त्या जाणकारांनी ते सांगायला हवं होतं. यापुढे कोणी तसं म्हणालं, तर न रागावता वही पुढे करा आणि ‘कुठल्या अक्षराला?’ एवढंच विचारा.

आता तुमचे दोन शेर :

उन्हे अंगणी रोज सांडून गेली
तुझी आठवण डाव मांडून गेली

माझ्या घराची वाट कुणी पाहिली
नदी कोरडी रान हिंडून गेली

हे तपासायला लघु आणि गुरू एवढे दोनच शब्द लागतात. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची मात्रा एक. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर गुरू, त्याच्या मात्रा दोन. अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं : ‘अंगणी’तला अं गुरू. चौकोनी रकान्यांची वही घ्या. एका चौकोनात एक अक्षर लिहा आणि त्याखाली ल किंवा गा. गझलवाले याला ‘लगावली’ म्हणतात.

पहिली ओळ : उ-न्हे-अं, ग-णी-रो, ज-सां-डू, न-गे-ली. म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा. बारा अक्षरं, वीस मात्रा. हे भुजंगप्रयात. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ज्या चालीत म्हणता, तीच चाल. तुमची ओळ त्या चालीवर म्हणून बघा, बिनचूक बसते.

लगागा या तीन अक्षरांच्या गटाला य गण म्हणतात. असे गण आठ. ‘यमाताराजभानसलगा’ हा जुना शब्द पाठ केलात की आठही हाती येतात. ज्या गणाचं लक्षण हवं त्या अक्षरापासून तीन अक्षरं घ्यायची. य-मा-ता म्हणजे लगागा, हा य गण. रा-ज-भा म्हणजे गालगा, हा र गण. न-स-ल ही तिन्ही लघु, हा न गण. शाळेत हे गुणांसाठी घोकून घेतात म्हणून नकोसं होतं, इतकंच. काम मात्र छान करतं.

दुसरी ओळ : तु-झी-आ, इथवर लगागा. पुढे ठ-व-ण, तिन्ही लघु. अक्षरं तेरा झाली, मात्रा मात्र वीसच. झालं असं, की ‘ठ’नंतर जिथे एक गुरू हवा होता तिथे ‘व’ आणि ‘ण’ असे दोन लघु आले. त्या जाणकारांना बहुधा इथेच खटकलं असावं. आपण ‘आठवण’ म्हणताना ‘वण’ एका दमात उच्चारतो, म्हणून तुमच्या कानाला काही जाणवलं नाही. एका गुरूऐवजी दोन लघु घेण्याची सूट मात्रावृत्तात, म्हणजे जिथे फक्त मात्रांची बेरीज मोजतात तिथे, हक्काची आहे. अक्षरगणवृत्तात, म्हणजे भुजंगप्रयातासारखा लघु-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो तिथे, मात्र नियमाने ती नाही. मराठी गझलेत काही जण घेतात, काही जण मुळीच घेत नाहीत. माझं मत विचाराल तर मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ती घेऊ नये, कारण पहिल्या दोन ओळींतच ऐकणाऱ्याचा कान चाल पकडत असतो. ‘आठवण’ऐवजी ‘सावली’ घ्या : तुझी सावली डाव मांडून गेली. व-ली-डा, लगागा. उन्हाशी सावलीचं नातंही जुळतं. अर्थ मात्र थोडा सरकतो, तो चालेल का ते तुम्हीच ठरवायचं.

तिसरी ओळ तेवढी खरोखर कोसळली आहे आणि तीच सगळ्यात शिकवणारी आहे. ‘माझ्या घराची वाट कुणी पाहिली.’ अक्षरं मोजा : बारा. मात्रा मोजा : वीस. दोन्ही हिशेब पुरे, तरी म्हणताना जीभ अडखळते. कारण अक्षरगणवृत्तात बेरीज पुरत नाही, लघु-गुरूंचा क्रमही तोच लागतो. तुमची ओळ दोन गुरूंनी सुरू होते, वृत्ताला आधी लघु हवा. आता शब्द तेच ठेवून फक्त जागा बदला : कुणी पाहिली वाट माझ्या घराची. कु-णी-पा, हि-ली-वा, ट-मा-झ्या, घ-रा-ची. एकही नवा शब्द आला नाही आणि वृत्त सावरलं. ‘कुणी’ आधी आल्यामुळे प्रश्नाला धारही आली. भावना मरेल अशी तुम्हाला भीती आहे ना? इथे काय मेलं ते मला दाखवा.

चौथी ओळ वृत्तात चोख आहे. तिची अडचण वेगळी, ती गझलेच्या बांधणीची. प्रत्येक शेराच्या शेवटी जसंच्या तसं येणारं ‘गेली’ म्हणजे रदीफ. त्याआधीचा यमकाचा शब्द, सांडून-मांडून, म्हणजे काफिया. काफियात ‘ंडून’ हा भाग कायम आहे आणि त्याच्या आधीचा स्वर ‘आ’. तो स्वर म्हणजे अलामत. मतल्यात दोन्ही ओळींना काफिया-रदीफ असतात. गझलेला तुम्ही तिथे शब्द दिलेला असतो, की यापुढे ‘आ’ सांभाळीन. ‘हिंडून’मध्ये तो ‘इ’ झाला. अलामत गेली म्हणतात ती ही. ‘नदी पावसाशीच भांडून गेली’ असं केलंत तर वृत्त आणि अलामत दोन्ही राहतात.

पण एक खरी अडचण तुम्हाला पुढे येणार आहे, ती आताच सांगते. गझलेला निदान पाच शेर लागतात. मतल्यात दोन काफिये जातात, उरलेल्या चारांत एकेक, म्हणजे सहा काफिये हवेत. सांडून, मांडून, भांडून, कांडून, आणि पुढे? ‘ओलांडून’ सुचेल, पण या ओळीत काफियाच्या लगेच आधी लघु लागतो आणि ‘ओ’ तर गुरू, तो तिथे बसत नाही. जमीनच अरुंद आहे. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जी जमीन होते, ती आधी मोजून मग नांगर घालावा. निम्म्या गझला तिसऱ्या शेरानंतर ओढूनताणून होतात त्याचं कारण हेच. पहिला मतला सुचला की लगेच वहीच्या समासात काफियांची यादी करा. दहाच्या आत थांबली, तर काफिया सैल करा, नाहीतर सुचलेल्या दोन ओळी दुसऱ्या कवितेसाठी ठेवा.

सैल करायचा तोही मतल्यातच. ‘सांडून’च्या जोडीला ‘वेचून’ घेतलात तर कायम अक्षर फक्त ‘न’ आणि अलामत ‘ऊ’. मग हिंडून, मोडून, सोडून सगळी दारं उघडतात. त्याचा तोटाही आहे. ‘ऊन’ हा प्रत्यय कुठल्याही क्रियापदाला लागतो, त्यामुळे यमकाचा आनंद फिका पडतो. मी तुमच्या जागी असते तर अरुंद जमीन ठेवून नेमके पाच शेर केले असते आणि उरलेल्या काफियांसाठी महिनाभर थांबले असते. पण हा स्वभावाचा प्रश्न आहे.

तपासताना नवख्यांचा घोळ होतो तो जोडाक्षरापाशी. ‘जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू’ एवढंच पाठ असतं. नियम पुरा असा, की त्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. ‘पुण्य’ म्हणताना पु-वर जोर येतो, तो गुरू. ‘पुन्हा’ म्हणताना येत नाही, तो लघुच. तुमच्या ‘उन्हे’तला उ लघु तो याचमुळे. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘कुण्या’ यांचंही तसंच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात द गुरू. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, त्यात द लघु. डोळ्यांनी तपासाल तर फसाल, मोठ्याने म्हणा. शब्दाच्या सुरुवातीच्या जोडाक्षराने त्याआधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मराठीत सहसा गुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा घोळ भरीच्या शब्दांचा. एक मात्रा कमी पडली की ‘च’ घालायचा, दोन पडल्या की ‘ही’, ‘रे’ नाहीतर ‘ते’. वरच्या ‘पावसाशीच’मधला च मीही असाच घातला असेल का, हे तुम्ही तपासायला हवं. कसोटी साधी आहे : तो शब्द काढून वाक्य बोलीत म्हणा. अर्थ तसूभरही हलला नाही तर तो भरीचा. इथे ‘पावसाशीच’ म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्याच्याशीच, म्हणून मी तो ठेवला. तुम्हाला पटला नाही तर काढा आणि दुसरं काही शोधा.

यती तुम्ही पत्रात विचारली नाहीत, पण शिक्षिकेकडे लग्नाची मंगलाष्टकं लिहून मागायला लोक हमखास येतात, म्हणून सांगते. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, मग सात. तो थांबा म्हणजे यती. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही बरोबर ती शेवटची सात अक्षरं आहेत : कु-र्यात्-स-दा-मं-ग-लम्. म्हणजे ‘कुर्यात्’च्या आधी बारा अक्षरांत शब्द पुरा व्हायला हवा. घरच्यांनी हौसेने लिहिलेल्या मंगलाष्टकात वधूचं नाव नेमकं तिथे चिरलं जातं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. भटजी श्वास घेतात आणि नावाचे दोन तुकडे होतात. यतिभंग म्हणतात तो हा.

आता ‘मुक्तछंद लिहून मोकळं व्हावं का’ हा प्रश्न. तुमचा समज असा दिसतो, की जे कशातच बसत नाही ते मुक्तछंद. तसं नाही. कवी अनिल (१९०१–१९८२) यांनी मुक्तछंद मराठीत रुजवला, तो लयीचा हात धरूनच. अक्षरांचे लहान लहान गट आवर्तनात येत राहतात, पण ओळ किती गटांची हे अर्थ ठरवतो. छंद आहे, चरणाच्या लांबीचं बंधन सुटलं आहे. ज्या रचनेत अशी लयही नाही, बोलण्याचीच वळणं आहेत, तिला मुक्तशैली किंवा गद्यकविता म्हणणं जास्त बरोबर. हे कमी-जास्त दर्जाचे प्रकार नव्हेत. पण फसलेल्या गझलेवर ‘मुक्तछंद’ लिहिलं म्हणून ती मुक्तछंद होत नाही. तिच्यात काफियाची ठेच लागतच राहते आणि वाचणाऱ्याला ती फसलेली गझलच दिसते.

तुमचा बाकी गोंधळ तीन शब्दांचा आहे, तो थोडक्यात. अक्षरांची फक्त संख्या मोजायची तो छंद : अभंग, ओवीचे काही प्रकार. मात्रांची बेरीज मोजायची ती जाती किंवा मात्रावृत्त : पादाकुलकात सोळा मात्रा, दिंडीत नऊ अधिक दहा. लघु-गुरूंचा क्रमही ठरलेला असतो ते अक्षरगणवृत्त, किंवा नुसतं वृत्त. सैल बोलण्यात तिघांनाही ‘छंद’ म्हणतात किंवा ‘वृत्त’ म्हणतात, म्हणून कोणी शब्द वापरला की तो यातला कुठला ते विचारून घ्या. खोलात जायचं असेल तर माधव जूलियन यांची ‘छंदोरचना’ ग्रंथालयात मिळेल. ती सलग वाचू नका, अडलं की उघडा. गझलेपुरतं सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ वाचा, मोजकी पानं आहेत आणि ती नवख्यांसाठीच लिहिलेली आहेत.

साठही कविता वृत्तात तपासायच्या नाहीत. वही घेऊन तीन ढीग करा. ज्यांच्या ओळी म्हणताना आपोआप चाल लागते त्यांचा एक. काफिया-रदीफ असलेल्या, गझल म्हणून लिहिलेल्यांचा दुसरा. ज्या बोलत जातात त्यांचा तिसरा. तिसऱ्याला हात लावू नका. पहिल्यात कुठली अक्षरसंख्या किंवा मात्रा पुन्हा पुन्हा येते ते मोजा, जिथे एखादीच ओळ चुकते तिथे ती दुरुस्त करा. खरं काम दुसऱ्या ढिगाचं. त्यातली प्रत्येक रचना आधी सलग वाचा. प्रत्येक शेर एकटा उभा राहतो का, की आधीचा वाचल्याशिवाय पुढचा कळत नाही? तुम्ही लिहिलंय, की माहेर सुटण्याची हकीकत तुम्ही सात शेरांत क्रमाने सांगितली आहे. सलग गझल, मुसलसल, असते. पण हकीकतच सांगायची असेल तर तिला प्रत्येक दोन ओळींनी ‘गेली, गेली’ म्हणत थांबवायचं कशाला? ती अभंगाच्या मापात किंवा पादाकुलकात लिहून बघा. तुमच्या चुलीपाशीच्या चार ओळी पाहता ते तुम्हाला सहज जमेल. एका रचनेला आठवडा द्या. दिवाळीपर्यंत दुसरा ढीग पुरा झाला नाही तर तो पुढच्या संग्रहाला ठेवा. मुखपृष्ठावर नुसतं ‘कविता’ छापा, ते पुरेसं आहे.

राहिला वही सोपवण्याचा प्रश्न. गझलेत उस्तादाकडून दुरुस्ती घेण्याची जुनी रीत आहे, तिला इस्लाह म्हणतात, आणि ती चांगली रीत आहे. पण इस्लाह म्हणजे चूक दाखवणं आणि एखादा पर्याय सुचवणं. ‘सगळं बसवून देतो’ यात काय होतं ते नीट बघा : ‘भाकर’ मात्रेत बसत नाही म्हणून जाते आणि तिथे ‘वेदना’ येते, ‘निखारे’ जाऊन ‘आसवे’ येतात. असे तयार शब्द सगळ्या वृत्तांत घट्ट बसतात, म्हणूनच ते सगळीकडे दिसतात. ओळ सावरते आणि चूल विझते. त्या परिचितांना पाचच रचना द्या. पेन्सिलने फक्त खुणा करायला सांगा, शब्द तुम्हीच घाला. ते तयार झाले तर चांगला वाटाड्या मिळाला म्हणायचं.

मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, नाव घालायलाच हवं का, असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. नाही, मराठीत बरेच जण घालत नाहीत. घालायचंच असेल तर तुमचं टोपणनाव गालगा या मापाचं आहे, ते इथे देत नाही. भुजंगप्रयातात ते गणाच्या पहिल्या जागी बसणार नाही, तिथे लघु लागतो. गणाच्या तिसऱ्या अक्षराला सुरू करा, म्हणजे ‘लगा’ झाल्यावर, की पुढच्या गणाच्या ‘लगा’वर ते पुरं होतं. आणि त्या शेराचा काफिया ‘कांडून’ असू द्या, तो अजून शिल्लक आहे.